गुडघ्याएवढे बेसिन

सुलभाच्या पाळणाघराला सरकारी अनुदान मिळाले आणि मला का मिळाले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी काल तिच्याकडे गेले. सुलभा माझी शाळेतली विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर मी पाळणाघर काढले, ते पाहून तिने काढले.

अनुदानातून तिने हात धुण्याचे नवे बेसिन बसवले आहे, माझ्या गुडघ्याच्या जरासे वर. तीन वर्षांची एक मुलगी कुणालाही हाक न मारता तिथे गेली, तिने हात धुतले आणि ओल्या हातांनी टाळी वाजवली. ती टाळी मला झोंबली.

“बाई, अर्ज तर तुम्हीही केला होता ना?” सुलभाने विचारले. “कोणती सुधारणा हवी, तिथे काय लिहिलंत?”

“सर्व काही व्यवस्थित आहे.”

“अहो बाई, मग ते देतील कशाला? मी लिहिलं, पोरांचा हात नळाला पुरत नाही!”

शाळा तपासणीच्या दिवशी फुटकी फरशी सतरंजीखाली झाकायची, हे मीच हिच्या वर्गाला शिकवले होते. तेवढेच ती विसरली.

हेवा अजून गेलेला नाही. पण आज सकाळी मी माझ्या बेसिनपुढे गुडघ्यांवर बसले, तेव्हा नळ डोळ्यांच्या वर होता. मुलांना मी रोज उचलून धरते आणि त्याला माया म्हणते. तुमच्या घरचा नळ किती उंच आहे, ते कृपया गुडघ्यांवर बसून स्वतः पाहावे.