माझ्या शितलचा पॅन इंडियन चेहरा

माझी बहीण शितल नऊ वर्षांची आहे आणि तिच्या नावाचं पॅन कार्ड आहे. तुमच्या घरातल्या नऊ वर्षांच्या कुणाचं आहे? नाय ना. आमच्या पाड्यात मोठ्या माणसांपैकीपण सगळ्यांकडे नाय. ते कार्ड मी काढलंय. मी रविंद्र, तिचा मोठा भाऊ. कासा ते डहाणू रोड जीप चालवतो. शिकलो आठवीपर्यंत, पण ह्या लाइनीवर माझ्यासारखा वळणावर गाडी काढणारा दुसरा दाखवा. जाऊ दे, आज माझं नाय सांगायचं. आज शितलचं.

रंगाने ती आमच्या आईवर गेलीय, काळी. गोल तोंड, केस जरा राठ, पुढचे दोन दात मोठे. हसली की ते दोन दात आधी हसतात, बाकीचं तोंड मागून येतं. समोरचा कितीपण तापलेला असू दे, थंड होतो. चौथीला आहे. आई पहाटेच चिकूच्या वाडीत कामाला जाते, म्हणून शाळेला तिला मीच सोडतो, पुढच्या सीटवर बसवून. आणि बसली की पाढे सुरू. गुरुजींनी वीसपर्यंतच शिकवलेत. पुढचे तिचे तिने बेरीज करून करून काढले, तीसपर्यंत! मागचे पॅसेंजर आधी कटकट करायचे. आता तेच तिला कामाला लावतात. एकदा एक काका लग्नाच्या सामानाला कासाला चालले होते.

"ए पोरी, अठरा पंगती, पंगतीला चोवीस माणसं. पत्रावळ्या किती घेऊ?"

"चारशे बत्तीस," शितल मागे न बघताच बोलली. "पण थोड्या जास्त घ्या काका, फाटक्या निघतात."

आता बोला!

तर डिसेंबरमध्ये आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला. दुधात टाकायच्या पावडरची जाहिरात, लहान मुली पाहिजेत, वय सात ते दहा, हसरा चेहरा, पॅन इंडियन लुक मस्ट, पुढच्या महिन्यात मसोलीला ऑडिशन. हसरा चेहरा वाचला आणि मी गाडी बाजूला लावली. ही तर आपली शितलच! राहिलं पॅन. मस्ट लिहिलंय म्हणजे लागणारच. तडक कासाला नविनकडे गेलो. नविन म्हणजे आमचा ऑनलाइनवाला, सगळे फॉर्म तोच भरतो.

"लहान पोरीचं पॅन? कशाला रे?"

"टीव्हीवर जायचंय तिला."

"असं होय. मग लागणारच," नविन बोलला. "तिकडे सगळं टॅक्सवर चालतं."

बघा, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, तोपण हेच बोलला. बापसाची सही घेतली, फॉर्म भरला, ऑडिशनच्या दोन दिवस आधी कार्ड पोस्टाने घरी. फक्त त्याच्यावर फोटो नव्हता. नविन बोलला, लहान मुलांच्या कार्डावर फोटो टाकत नाहीत. मला जरा वाईट वाटलं. एवढी हसरी पोरगी आणि फोटोच नाय!

मग काय, चारोटी नाक्यापासून डहाणू स्टेशनपर्यंत जो जीपमध्ये बसला त्याला मी सांगितलं, आमची शितल टीव्हीवर येणार. आई ओरडली, "अजून ठरलं नाय आणि बोंबलतोस कशाला?" मी बोललो, आई, ज्याला शितल बघून हसू आलं नाय असा माणूस अजून जन्मायचाय.

ऑडिशनच्या दिवशी एक चूक केली, ती पण सांगतो. मसोलीच्या अलीकडे जीप थांबवून मी तिच्या तोंडाला पावडर लावली. चांगली अर्धी डबी. शितलने आरशात बघितलं.

"दादा, मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते."

"गप बस. टीव्हीवाल्यांना असंच लागतं."

हॉलमध्ये तीस-चाळीस पोरी. कुणाचे पप्पा रेल्वेत, कुणाची मम्मी टीचर. फुगेवाले फ्रॉक, सरळ केलेले केस. यतीन सर नावाचा मुंबईचा माणूस एकेकीचं तोंड मोबाइलमध्ये बघत होता आणि पोरींना दोन बाजूंना पाठवत होता, कुणाला दाराकडे, कुणाला खिडकीकडे. खिडकीकडची बाजू घरी जाणाऱ्यांची, हे मला लगेच समजलं. शितलला त्याने नीट बघितलंपण नाय. नुसता हात केला, खिडकीकडे.

"सर, ओ सर! तिला बोलायला तरी सांगा."

"दादा, आपल्याला पॅन इंडियन लुक पाहिजे."

"आहे ना!" मी खिशातून कार्ड काढलं. "ओरिजिनल आहे. झेरॉक्सपण आणलीय."

त्याने कार्ड बघितलं, मला बघितलं आणि असा हसला, असा हसला, की खुर्चीवरून पडायचा राहिला. त्याच्याबरोबरच्या दोघांना बोलावून दाखवलं. मग डोळे पुसत बोलला, "अहो, पॅन इंडियन म्हणजे हे कार्ड नव्हे. पॅन इंडियन म्हणजे असा चेहरा, जो पंजाबपासून केरळपर्यंत कुठेही चालेल. कुणालाही आपला वाटेल."

मी दाराकडच्या पोरींकडे बघितलं. सगळ्या गोऱ्या. एकीसारखी एक. आणि खिडकीकडे बघितलं. आमच्यासारख्या सगळ्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि डोकं असं तापलं ना!

मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोललो, "सर, हे कार्ड पंजाबात चालतं?"

"चालतं."

"केरळात?"

"अहो, चालतं, पण..."

"मग माझी बहीण सगळीकडे चालते, असं भारत सरकारने लिहून दिलंय. आणि त्यांनी तिचा फोटोसुद्धा मागितला नाय!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. बघितलं तर दाराकडच्या एका पोरीचे पप्पा, रेल्वेतले. त्यांची मुलगी श्रुतिका. आवाज ऐकून आतल्या खोलीतून डायरेक्टर मॅडम बाहेर आल्या. तोपर्यंत शितल कुठे होती? नळावर! पावडर धुऊन, फ्रॉकने तोंड पुसत, सगळे माझ्याकडे बघतायत बघून हसत आत आली. तेच दोन दात. मॅडमनापण हसू आलं. यतीन सरला बोलल्या, "हिला घे. दुसऱ्या रोलला."

दुसरा रोल काय, ते मी विचारलं नाय. हिरोनंतरचा नंबर असंल, असं मी धरलं. घरी येईपर्यंत चौदा जणांना फोन केले.

शूटिंग रविवारी, सरावलीच्या एका शाळेत. काय ते लाइट, काय त्या वायरी! श्रुतिका मेन रोलला. पोरगी चांगली, आल्या आल्या डबा उघडून शितलला अर्धा ढोकळा दिला. दोघी एका बाकावर. मग यतीन सरने सांगायला सुरुवात केली.

"बाई विचारणार, सात आठे किती? शितल, तू डोकं खाजवायचं. तुला येत नाही. मान खाली. मग श्रुतिका उभी राहणार, ती रोज आपली पावडर पिते, आणि म्हणणार, छप्पन्न. सगळे टाळ्या वाजवणार."

मी विचारलं, "मग पुढे शितलपण पिते का? आणि तिलापण यायला लागतं?"

"नाही, नाही. तिचं एवढंच."

तिला तिथून उचलून न्यावंसं वाटलं. पण एवढे लाइट, एवढी माणसं, आणि चौदा फोन. मी गप्प राहिलो. मी! जो गप्प बसत नाय तो.

पहिल्यांदा बाईने विचारलं, सात आठे किती. श्रुतिका उठायच्या आत शितल, "छप्पन्न!"

"कट! बाळा, तुला येत नाहीये."

"येतं, सर."

"हो, पण येत नाही असं दाखवायचं."

दुसऱ्यांदा ती गप्प बसली. मान खाली, बोट डोक्यात, एकदम बरोबर. पण दुसऱ्या हातात पेन्सिल होती. कॅमेरावाला बोलला, मॅडम, हिने वहीवर एवढं मोठं छप्पन्न लिहिलंय, ते दिसतंय.

वही काढून घेतली. तिसऱ्यांदा सगळं जमलं. शितल गप्प, श्रुतिका उभी राहिली, तोंडावर लाइट पडला आणि बिचारीचं सगळं पुसलं गेलं. नुसती बघत राहिली. आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी कुजबुज आली, "छप्पन्न गं, छप्पन्न!" श्रुतिका इतकी हसली की खाली बसली. बाई झालेल्या ताईपण हसल्या.

यतीन सर तापला. "प्रश्नच बदलूया. हिला न येणारा घेऊ. सतरा नवे?"

"एकशे त्रेपन्न," शितल.

"तेवीस साते!"

"एकशे एकसष्ट."

"एकोणतीस साते!" हे तो असा ओरडला की त्याला स्वतःलापण येत नसणार, आईशप्पत.

शितलने वर पंख्याकडे बघितलं. एक सेकंद. "दोनशे तीन."

लाइट धरणाऱ्या माणसाने मोबाइल काढला, बटणं दाबली आणि ओरडला, "बरोबर आहे रे!" मग काय सांगू! लाइटवाले, वायरवाले, चहावाला, सगळे टाळ्या वाजवायला लागले. श्रुतिका बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तर शिट्टीच मारली. तेवढी एक गोष्ट त्यांनी कॅमेऱ्यात धरली असती ना, तर पावडरचे डबे दुकानात उरले नसते. पण कॅमेरा बंद होता.

यतीन सर मला व्हरांड्यात घेऊन गेला. "हे बघा दादा, शेवटचा चान्स. तुमचं ऐकेल ती. तिला सांगा गप्प बसायला. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. नाहीतर मला तिला काढावं लागेल. मुंबईहून दुसरी मागवतो."

"पण सर, न येणारी हीच कशाला? श्रुतिकाला येत नाय आणि हिला येतं, असं का नाय?"

"कारण पाहणाऱ्याला पटलं पाहिजे."

असं बोलला तो. हळू आवाजात, समजावल्यासारखा. त्याला त्यात काय वाईटपण वाटलं नाय.

मी शितलजवळ गेलो. ती बाकाच्या कडेला पाय हलवत बसली होती. मी काय बोलायच्या आत तीच बोलली, "दादा, तू सांगितलंस तर मी गप्प बसते. खरंच बसते. तू सगळ्यांना सांगून ठेवलंयस ना."

हे ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. मी माझ्या तोंडाने अख्ख्या लाइनीवर दवंडी पिटली आणि हिशेब ही एवढीशी पोरगी चुकता करणार, येतं ते येत नाय म्हणून. टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. पंजाबपासून केरळपर्यंत.

मी मोठ्याने विचारलं, "शितल, सात आठे किती?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "छप्पन्न."

"मग तेच बोल. कुणीपण विचारलं, कधीपण विचारलं, तरी तेच बोल. चल, उठ."

मॅडम दारापर्यंत आल्या. "सॉरी हां, वरून ठरलेलं असतं," एवढंच बोलल्या. मॅडम काय वाईट नव्हत्या. श्रुतिका धावत आली आणि उरलेला ढोकळा कागदात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पहिला पॅसेंजर बसला तसा मीच सुरू झालो. कुणी विचारायची वाट बघितली नाय. "ऐका! तुमच्या माहितीत कुणाला शूटिंगमधून काढलंय का, उत्तर येतं म्हणून? माझ्या बहिणीला काढलंय!" चारोटीपर्यंत पोहोचेस्तोवर ती गोष्ट माझ्या पुढे पोहोचली होती.

आता परवाचं सांगतो. ती जाहिरात आली. सकाळी जीपमध्ये एका पोराच्या मोबाइलवर लागली, त्याने पुढे दिला. श्रुतिका उभी, छप्पन्न बोलते, टाळ्या. आणि बाजूला डोकं खाजवणारी दुसरीच पोरगी. काळी. पण नीट बघितलं तर कानामागे गोरी! गोऱ्या पोरीला रंग फासून काळी केली होती! कानामागे फासायचं राहिलं! मी असा भडकलो, पॅसेंजर असे भडकले, एक आजी तर मोबाइललाच शिव्या द्यायला लागली. त्यांना आमचा रंग पाहिजे, फक्त आमची पोरगी नको!

शितलने मोबाइल हातात घेतला. तिने जाहिरात परत लावली. मग अजून एकदा.

"दादा, हिला येत असंल रे."

"कुणाला?"

"ह्या रंगवलेलीला. ओठ बघ ना, कसे दाबून धरलेत. हिलापण गप्प बसायला सांगितलं असंल."

मी गाडी बाजूला घेतली आणि बघितलं. खरंच. पोरीने ओठ गच्च दाबले होते, सू लागल्यासारखे. एवढ्या माणसांनी बघितलं, कुणाला दिसलं नव्हतं.

आता मी नविनच्या मागे लागलोय, ती पोरगी कोण ते शोधून काढ. तो विचारतो, नाव-गाव काय नाय, कसं शोधू? शितल त्याला बोलली, "नाव नको काका, नुसता नंबर शोधा. मी फोन लावून विचारते तिला, सात आठे किती. ती सांगेल बघा पटकन."