भुजंगची थप्पी

नवीन जालन्याच्या मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, भुजंग मुकादमाची नक्कल कुणालाही येत असे. मान तिरपी करायची, एक डोळा बारीक करायचा, गालात तंबाखू सांभाळत म्हणायचं, "दाब दे रे, अजून दाब! पोत्यानं पोत्याला धरलं पाह्यजे."

नक्कल झाली की हसून वर म्हणायचं, "पण ह्या मान्साची थप्पी कधी पडली न्हाई बाबा."

मिसरूड फुटल्यापासून भुजंग पोती रचत आलेला. एक थर उभा, त्यावरचा आडवा, आणि सगळ्या थप्पीला कल आतल्या अंगाला. पोती तागाची, खरबरीत. वरून ओझं पडेल तशी पोती एकमेकांना जास्तच चावून धरत. छपराला हात लागेपर्यंत रचा, हूं की चूं न्हाई.

मंग नव्वद सालानंतर मोंढ्यात सोयाबीन आलं, ते प्लास्टिकच्या पोत्यांत. पोतं गुळगुळीत, आतला दाणाही गोल आणि गुळगुळीत. भुजंगनं जुन्याच बेतानं चार थप्प्या छपरापर्यंत नेल्या.

"मामा, सटकून राह्यलीत ही," हमाल वसंता म्हणाला. "जरा ठेंगणी ठेवू का?"

"तू शिकवतो का मला?"

सकाळी गोदामाचं कुलूप निघालं तेव्हा दाराजवळच्या थप्पीनं पोट पुढं काढलं होतं. खालच्या थरातलं एक पोतं बोटभर बाहेर आलेलं. भुजंग बघत असतानाच ते आणखी नखभर सरकलं. आवाज काहीच न्हाई.

त्यानं गुपचूप एक लाकडी बल्ली आणून थप्पीला तिरपी टेकवली. थप्पी बल्लीला रेटत होती, आणि बल्लीचं बूड शहाबादी फरशीवर, सांडलेल्या दाण्यांवरून हळूहळू मागं चाललं होतं.

तिथंच चतुराबाई खराटा मारत होती. सांडलेले दाणे झाडून नेणं हे तिचं रोजचं काम.

"चतुराबाई, जा, चहा पिऊन ये. माझ्या नावावर सांग."

"अगं बया! आज दिवस कुठून उगवला ओ दादा? मी गेले की चांगले दाणे ती दुसरी झाडणारी चांगुणा नेईल, कळतं मला."

बूड आणखी सरकलं. खरं ते एकदा बोललं की झालं होतं. पण आलेले शब्द त्यानं तंबाखूसारखे गालात धरून ठेवले.

"निघ म्हन्लं ना!"

"का पण?"

"थप्पी पडून राह्यली माझी."

चतुराबाई खळखळून हसली. मान तिरपी केली, डोळा बारीक केला. "दाब दे रे, अजून..."

त्यानं तिला दंडाला धरून ओढलं. बल्ली सुटली आणि थप्पी पाण्यासारखी वाहत आली. दोघं दारात आदळली, खराटा पोत्यांखाली गेला.

धूळ बसायच्या आत गोदामाचे मालक सेठ धावत आले. "पोती किती फुटली रे?"

त्यांच्या मागं झाडणाऱ्या बाया टोपल्या घेऊन सांडलेल्या दाण्यांकडं निघाल्या. भुजंग दारात आडवा उभा राहिला.

"आत यायचं न्हाई कुणी. बाकीच्या तीन बी पडतेत. मीच चुकीच्या रचल्या."

कुणी हसलं न्हाई.

"उतरव मंग," सेठ म्हणाले.

खालून पोतं ओढलं तर सगळंच अंगावर. उतरवायची तर वरूनच, म्हंजे कुणाला तरी चढावं लागणार. वसंतानं वर बघितलं आणि नजर खाली घातली. भुजंगनं तंबाखू थुंकली, तळवे धोतराला पुसले आणि पुढच्या थप्पीवर पाय ठेवला. पायाखालचं पोतं किंचित मागं गेलं.

"मामा?"

"बोलू नको," भुजंग म्हणाला. "पुढून हट."