तारवाल्या नानांचं कार्ड

तारवाले नाना कुणाच्या वस्तीवर गेले की आधी दाराची चौकट न्याहाळायचे. घरात माणूस असो वा नसो, कार्ड खोचण्याजोगी फट सापडली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. फटही कमरेच्या उंचीवरची हवी असे. "म्हाताऱ्यांना वाचता येत न्हाई ताई. घरात वाचतं ते शाळेतलं पोर. त्याच्या डोळ्यापुढं पायजे," असं ते मला सांगायचे.

नाना टेलिफोनचे लाइनमन होते. खांबांवर चढून त्यांनी जुन्नर-आंबेगावातली कितीतरी घरं जोडली, म्हणून तारवाले. ते निवृत्त झाले त्याच वर्षी पिंपरी पेंढारजवळ त्यांची भावजय गवत कापत असताना बिबट्याने तिच्यावर झडप घातली. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. "पंधरा माणसं गोळा झाली व्हती," नाना म्हणाले, "पण फोन कुणाला लावायचा ते एकालाबी ठावं नव्हतं." पुढच्याच आठवड्यात ते माझ्या छापखान्यात आले. बिबट्या दिसला तर या नंबरवर फोन करा, असं त्यांना छापून हवं होतं. फोन आला की ते वनखात्याला कळवणार, आणि तिकडची गाडी येईपर्यंत फटाके घेऊन स्वतः वस्तीवर जाऊन बसणार.

माझ्या वडिलांच्या काळी जुन्नरात व्हिजिटिंग कार्ड म्हणजे डॉक्टर, वकील आणि पेठेतले मारवाडी व्यापारी, एवढ्यांचाच मान. वडील अक्षराचा एकेक खिळा जुळवून, ट्रेडल यंत्र पायाने चालवून कार्डं काढायचे. पुढे संगणक आला, तसे कार्डावर फोटो आले, पक्षाचं चिन्ह आलं, 'भावी सरपंच' आले. आता लोक मोबाईल पुढे करून 'स्कॅन करा' म्हणतात. माझ्याकडचं कार्डांचं काम जवळपास संपलं होतं. नानांचं तेवढं उरलं. पहिल्या कार्डावर त्यांनी हौसेने पूर्ण नाव आणि त्याखाली 'निवृत्त लाइनमन' घालायला लावलं. प्रूफ तीनदा वाचलं. "जन्मातलं पयलं कार्ड हाये," म्हणाले, आणि शाई वाळायच्या आत एक घरी बायकोला, म्हणजे काकूंना, दाखवायला घेऊन गेले.

वाटता वाटता पारगावकडचा ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उसाला खेटूनच असतात. त्यांना दार नसतं, चौकट नसते. नानांकडे कार्डं थोडीच उरली होती आणि माझं मशीन बिघडलेलं. मीच म्हटलं, "नाना, एका कोपीत एक पुरे. कर्त्या माणसाच्या हातात द्या." त्यांनी तसंच केलं.

एका कोपीतल्या माणसाने कार्ड घेऊन सदऱ्याच्या खिशात घातलं आणि तो उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर गेला. गाड्यांची रांग मोठी होती, त्यामुळे त्याला तिकडेच थांबावं लागलं. त्या संध्याकाळी त्याच्या बायकोला कोपीमागच्या सरीत जनावर बसलेलं दिसलं. कुणाला सांगायचं ते तिला कळेना. तिने चूल मोठी केली आणि दोन्ही मुलींना जवळ घेऊन ती बसून राहिली. सकाळी उजाडल्यावर तिला वाटलं, आता गेलं असेल. ती हंडा घेऊन नळावर गेली. परत आली तेव्हा चार वर्षांची धाकटी कोपीत नव्हती.

सरकारी दवाखान्याच्या आवारात, मुलीचा देह ताब्यात मिळायची वाट बघणाऱ्या त्या बापाला नाना भेटायला गेले. मी बरोबर होते. तो भिंतीला टेकून बसला होता. नानांना बघून उठला, खिशात हात घातला आणि घामाने मऊ पडलेलं कार्ड बाहेर काढलं. "भाऊ, हे तुमचं. माझ्यापाशीच ऱ्हायलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नानांनी कार्ड घेतलं. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "नाना, एक पुरे असं मी म्हणाले होते." ते म्हणाले, "तुमी म्हणाला, पर दिलं म्या."

त्यानंतरच्या कार्डावर त्यांनी नाव ठेवलं नाही. "नाव वाचून कुणाला काय करायचंय? नंबर मोठा करा. वर वाघराचं चित्र टाका." कार्डाला प्लास्टिक लावायचं आणि भोक पाडून दोरा ओवायचा. ते फक्त बाईच्या हातात द्यायचं, आणि तिच्याकडून एकदा फोन लावून घ्यायचा. ज्या बाईकडे फोन नसेल, तिला फोन असलेली शेजारची कोपी दाखवून यायचं. गावातली माणसं हसायची. "नाना, आता ग्रुपवर टाकायचं राव, कार्डं कशाला वाटता?" नाना पुढच्या कार्डात दोरा ओवत राहायचे. पूर्वी ते माझ्याकडे चहाला बसायचे, लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता चढल्याच्या बढाया मारायचे. ते सगळं थांबलं. गठ्ठा उचलायचा आणि निघायचं. एकदा मी बसाच म्हणून हट्ट धरला, तर म्हणाले, "बसलो की ती नळावर जाती, ताई." मग मी पुन्हा आग्रह केला नाही.

गेल्या हंगामात एका वस्तीकडे जाताना त्यांच्या छातीत कळ आली. मोटरसायकल नीट स्टँडवर लावून ते बांधावर बसले आणि तिथेच गेले. अंत्यविधीला गावच्या माणसांमागे तोडणीवरच्या बायका कोयते बाजूला ठेवून उभ्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

कार्डावरचा फोन बंद करावा, असं नानांच्या मुलाचं म्हणणं होतं. काकूंनी करू दिला नाही. गेल्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या, नवा हंगाम तोंडावर होता. "कार्डं संपली," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, फोन तुम्ही उचलता?"

"उचलते की. पयल्यांदा सांगायची, ते गेले म्हणून. मग पलीकडची बाई गप व्हायची, आन फोन ठेवायची. आता न्हाई सांगत." त्यांनी पदर सावरला. "आता आधी इचारते, पोरी आत हायेत का."