दादा जे कधी बोललाच नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रचनाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय— तेही सरळ जमेल का, माहीत नाही.

दादा गेला तेव्हा मी इंदूरजवळ राऊ गावी कॉलेजात होते. साधा ताप म्हणून झोपला, डेंग्यू निघाला, आणि आठवड्याच्या आत— गेलाच. मी रडले नाही. सगळे म्हणाले, गौरी किती खंबीर आहे. खंबीर? मला काही होतच नव्हतं. येणाऱ्यांना चहा द्यायचा, कप विसळायचे, परत चहा ठेवायचा.

रचना पहिल्यांदा आली ती दादाचा डबा आणि स्वेटर द्यायला. इंदुरातल्या पोलोग्राउंड भागात दादा ज्या फॅक्टरीत कामाला होता, तिथेच ती अकाउंट्स बघायची. मूळची जवळच्या हातोद गावची, घरी हिंदी बोलणारी; इंदूरला खोली घेऊन एकटी राहायची. मराठी शिकली ती दादाबरोबर डबा खाता खाता. आईने तिला जेवायला बसवलं, आणि तिला सोबत म्हणून स्वतःही बसली. दादा गेल्यापासून आई धड जेवली ती तेव्हाच.

मग रचना दर रविवारी येऊ लागली. मला स्कूटीवर घेऊन निघायची, कुठेही. दादाला ती तिच्या इंदुरी बोलीत 'भिया' म्हणायची. एकदा एका दुकानात कुर्ते बघताना म्हणाली, "तुझा भिया भाजीतली मिरची काढून माझ्या डब्यात टाकायचा, माहीत आहे?" मी हसले— आणि हसता हसता रडायलाच लागले. सगळ्यांच्या देखत. ती माझी पिशवी धरून उभी राहिली. त्या रात्री मला झोप लागली.

आणि मग तिचं येणं कमी झालं. एका दुपारी मला घरी सोडताना म्हणाली, "गौरी, आता हर संडे नाही जमणार गं. घरचे विचारतात, ते लोक तुझे कोण लागतात?"

कोण लागत होतो आम्ही? ती गेली की पुन्हा ते चहाचे कप— एवढंच मला दिसलं. मी म्हणाले, "दादाला तू आवडायचीस. तो तुला विचारणार होता. मला बोलला होता तसं."

तो काहीच बोलला नव्हता. तिच्याबद्दल घरी एकच बोलायचा— रचनाजींच्या घरचं लोणचं फार तिखट असतं.

"सच में?" ती म्हणाली. पुढच्या रविवारी आली. त्याच्या पुढच्याही.

आईसाठी बोलले, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आई नंतर सुचली. तेव्हा मी माझ्यापुरतंच बघितलं होतं.

या हिवाळ्यात तिला एक स्थळ आलं. मुलगा भला होता. भेटायला मीच सोबत गेले होते. दोघं मोकळेपणी बोलत होते, ती हसतही होती. परत येताना तिने स्कूटी कडेला घेतली.

"मी त्यांना 'नाही' बोलून देणार आहे. तुझ्या भियाच्या मनात इतकं होतं, आणि मी त्याला एकदा नीट बघितलंही नाही. आता लगेच दुसऱ्याला हो कशी बोलू, सांग?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य तर होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला वाटेल तसं कर."

मी आता जेवते, झोपते, नोकरीला जाते. हे तिच्यामुळे. आणि ती?

काल आली होती. आईने तिच्या केसांना तेल लावून दिलं. आई आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "अजून काय बोलायचा गं तो, माझ्याबद्दल?"

मी आणखी एक रचून सांगितलं.