पाटा की मी

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात; आमच्या ह्यांनी चाकांवरचं घर बांधून घेतलं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. पुढे ओढायला पिकअप. कोकणात समुद्राकाठी चार दिवस राहायचं, एवढाच बेत. सोसायटीतले सगळे येऊन बघून गेले आणि 'हे उभं कुठे करणार?' एवढंच विचारून गेले.

ह्यांना मात्र वजनाचं वेड लागलं. "गाडी किती ओढते ते सगळे विचारतात, किती पेलते ते कुणी विचारत नाही," असं म्हणत जेवणाच्या टेबलावर माझी शिकवणी सुरू झाली. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालतो, पण त्याचं तोंड गाडीच्या हुकावर टेकतं. तो भार गाडीच्या पाठीवर येतो. गाडीतलं सामान आणि बसणारी माणसंही त्याच हिशेबात. कंपनीने ठरवून दिलेल्या वजनापुढे गेलं, की घाटउतारावर ब्रेक ऐकत नाहीत. बुधवार पेठेतून काटा आला आणि कढईपासून उशीपर्यंत सगळं त्यावर चढलं. मलाही चढवलं.

माझं मागणं एकच होतं, पाटा-वरवंटा. मिक्सरमधल्या चटणीला मी चटणी म्हणत नाही. पण पाटा धरला की बेरीज हाताबाहेर जायची.

"एक तर पाटा येईल, नाहीतर मी. ठरव," ते म्हणाले.

"पाटा निदान घोरत नाही," मी म्हणाले.

सामान बांधून झालं आणि त्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच.

त्यानंतर किती तरी दिवस मी संध्याकाळी खाली जाऊन त्या ट्रेलरमध्ये बसत असे. घरात एकटं वाटायचं, तिथे जरा जास्तच वाटायचं, तरी जायची. मुलगी फोनवर म्हणायची, विकून टाक. त्याऐवजी मी रविवारी रिकाम्या मैदानावर ट्रेलर जोडून गाडी चालवायला शिकले.

अखेर एका सकाळी निघाले. पाटा घेतला होता. कात्रजच्या अलीकडे वजनकाट्यावर थांबले आणि शिकवल्याप्रमाणे ट्रेलरची चाकं बाहेर ठेवून फक्त गाडी काट्यावर घेतली. पाटा मागच्या सीटखाली होता.

"बसतंय की, काकू," मी सांगितलेल्या कंपनीच्या आकड्याशी ताडून काट्यावरचा माणूस म्हणाला. "अजून जागा आहे."

कुणाची जागा, ते मला ठाऊक होतं. इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिथे, त्या ट्रकांच्या धुरात आलं. मग डोळे पुसून मी त्याला पाटा उतरवायला सांगितला.

"अहो, पण मावतोय ना?"

"मावतोय. पण आमचं ठरलं होतं, एक तर पाटा नाहीतर ते."

त्याने गाडीत डोकावून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. मग त्याने पाटा उतरवून आपल्या केबिनच्या पायरीशी ठेवला, आणि मी घाटाला लागले.