निळं गेट

डिस्चार्जच्या सकाळी सिस्टरांनी माझ्या हातातली सलाईनची सुई काढली आणि कापसावर अंगठा दाबून धरला. त्यांच्या खिशातून एसटीचा पास डोकावत होता.

"रोज दोन तास प्रवास करून येता. इथेच खोली का घेत नाही?" मी सहज विचारलं.

"बघितली होती काका. मागच्या गल्लीत, निळ्या गेटचं घर. एजंटने सांगितलेल्या भाड्यातच सगळा पगार गेला असता."

ज्या हातांत आपण जीव सोपवतो, ते आपल्याला ड्यूटीपुरतेच हवे असतात. संध्याकाळी त्यांनी आपलं गाव गाठावं.

निळं गेट माझंच, हे मला सांगवलं नाही. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी एकच घेतला.

"सांभाळून जा काका," त्या म्हणाल्या. "घर लांब आहे का तुमचं?"