ज्याचा त्याचा खळगा

"आडनाव काय म्हनली ती?"

"म्हनलीच न्हाई. तिच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे आमच्या हिरीतनं पानी काढायचं."

दोघी जावा हसल्या. मी मागच्या न्हाणीत एका तांब्यात हात, पाय, तोंड सगळं उरकत होते. चुलीपुढचं बोलणं कुडातून स्वच्छ ऐकू येत होतं.

"मिशनरी शाळंतली हाय म्हनं. तसल्या पोरी रडत्यात पन इंग्रजीत."

"मग बामनाची असंल."

"बामनाची आन् एवढी गप?"

पुन्हा हसणं. त्यात वाईट काही नव्हतं. त्यातली एक माझ्या मैत्रिणीची मावशी होती. बहात्तरच्या त्या दुष्काळातही तिने आल्या आल्या माझ्या हातावर गूळ आणि फुलपात्रभर पाणी ठेवलं होतं. मी मात्र तोंड पुसून झाल्यावरही बराच वेळ न्हाणीत उभी राहिले.

आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं. ते पाटलाच्या घरात सापडतं आणि गावाबाहेरच्या वस्तीतही. त्यामुळे नुसत्या आडनावाने कुणाचं समाधान होत नाही. मग गाव विचारतात, मग मामाचं गाव, मग पाव्हणे कुठले कुठले. चौथ्या प्रश्नापर्यंत आम्ही सापडतो. आम्ही बौद्ध. छप्पन साली आईबाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी तीन वर्षांची होते. पहिल्या प्रश्नालाच गप्प बसायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत ते सोपं होतं. सिस्टर आम्हाला पहिल्या नावाने हाक मारत, आणि इंग्रजीत कुणी कुणाला पाव्हणे कुठले म्हणून विचारत नाही. लोक माझ्या गप्प बसण्याला लाजाळूपणा म्हणत. तो होताही, पण सगळाच नव्हता.

मैत्रीण आणि मी नगरला कॉलेजात एका बाकावर बसायचो. भूगोलाच्या सरांनी एकदा फळ्यावर कुकडी नदीतले रांजणखळगे काढून दाखवले. नदीच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं एकाच जागी गरगरत राहतात आणि काळ्या पाषाणात रांजण कोरतात, असं ते सांगत होते. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "हे तर मावशीच्या गावाला आहेत. मे महिन्यात जाऊ." वाटेत टाकळी ढोकेश्वरची लेणीही बघायची ठरली.

मी घरी विचारलं तेव्हा बाबा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मला तो नकार हवाही होता. ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वयाच्या चौदाव्या वर्षी गाव सोडल्यापासून ते कुठल्याच खेड्यात मुक्कामाला राहिले नव्हते. "आता तसं राहिलेलं नाही," असं ते पेपर वाचताना अधूनमधून म्हणत. समोर कुणी उलट म्हणत नसलं तरी म्हणत. त्यांनी लगेच होकार दिला. मैत्रिणीच्या मावशीचं घर कुणाचं, कसं, हे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "जा. राहून ये दोन दिवस." मला वाटतं, ती लेणी बघायला त्यांनी मला पाठवलं नाही. ते वाक्य खरं आहे का, ते बघायला पाठवलं.

कल्याण रस्त्याने एस.टी. निघाली तेव्हापासून दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत बसलेली दिसत होती. दुष्काळी काम. बायकांनी डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, शेजारी खडीचा ढीग. मैलामागून मैल तेच. मैत्रीण खिडकीशी बसून गाणं गुणगुणत होती, नंतर तीही थांबली. टाकळीच्या लेण्यात गारवा होता. आत शंकराची पिंड, भिंतीवर सप्तमातृका, त्यांच्या मांडीवरची मुलं झिजून नुसते उंचवटे उरलेले. बाबांना कुठलंही लेणं मुळात आपलंच, बौद्धांचंच वाटायचं. मी एकेक खांब निरखला. आपलं म्हणावं असं मला काही सापडलं नाही. पुजाऱ्याने अंगारा दिला तेव्हा मी तो लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आम्हाला नदीवर घेऊन गेली. ती आम्हाला दाखवायला जात नव्हती, पाण्याला जात होती. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, नदीची धार शिमग्यालाच तुटली होती. पाणी उरलं होतं ते फक्त पात्रातल्या खळग्यांत.

एवढं विचित्र ठिकाण मी त्यानंतरही पाहिलेलं नाही. नदी म्हणून काही नव्हतंच. लांबच लांब काळा दगड, आणि तो सगळा आतून पोखरलेला. काही खळगे घागरीएवढे, काही विहिरीएवढे. दोन खळग्यांच्या मधली भिंत कुठे इतकी पातळ की त्यावर एकच पाऊल मावेल. सकाळचे दहाच वाजले होते आणि चपलेतून चटका बसत होता. प्रत्येक मोठ्या खळग्याच्या काठावर चार-पाच बायका दोरी आणि डबा घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. डबा तळाला लागल्याचा आवाज खालून यायचा.

"ह्यो आमचा," मावशीने दाखवलं. "त्यो माळ्यांचा. पल्याड धनगरांचा. ज्येचा त्येचा खळगा. भांडान नको."

"लिहिलंय का कुठे?" मैत्रिणीने हसून विचारलं.

"लिवायला कशाला पायजे? ठावं असतं."

मावशी दोरी सोडून बसली आणि आम्ही दोघी दगडांवरून उड्या मारत खालच्या अंगाला गेलो. तिथे एका कपारीच्या सावलीत लहानसा खळगा होता. पाणी वीतभरच, पण नितळ. हात घातला तर पोचेल असं. तळाला अंड्यासारखे गोटे. मैत्रिणीने वॉटरबॅग बुडवून गच्च भरली, घटाघटा प्यायली आणि टोपण भरून माझ्या हातात दिलं. मी प्यायले. थंड होतं.

पिताना मला ती बाई दिसली. ती आधीपासून तिथेच असणार. शेजारी दोन कळशा होत्या. पाणी पाझरून वर यायची वाट बघत ती बसली होती, आणि आम्ही आल्यावर उठून चार हात लांब जाऊन उभी राहिली होती. आम्हाला अडवलं नाही, बोलली नाही. अंग चोरून, पदर गोळा करून, वाऱ्याची बाजू सोडून उभी. माझी आत्या अशी उभी राहायची. खळगा कुणाचा ते मला तेव्हाच कळलं.

"अगं ए! वत ते! वत आधी!" वरून मावशी ओरडली. घागर तिथेच टाकून ती दगडांवरून धावत आली. तिला धावताना बघून मला आधी वाटलं, साप असेल.

"का गं मावशी? स्वच्छ आहे."

"सोच्छ हाय म्हनं! कुनाचं हाय ते बघितलंस का?"

मैत्रिणीने त्या बाईकडे बघितलं. मग वॉटरबॅग उलटी केली. ती एक क्षण थांबली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वेळा वाटलं. ती थांबली नाही. पाणी तापलेल्या दगडावर पसरलं आणि कडेने सुकायला लागलं.

"वतू नगा, बाई," ती बाई म्हणाली. ती आमच्याकडे नाही, त्या पाण्याकडे बघत होती. "भरलं ते भरलं. प्यायचं तरी."

"तू गप!" मावशी तिच्यावर ओरडली आणि मग माझ्याकडे वळली. "तू बी पिलीस का गं?"

टोपण माझ्या हातात होतं. ओलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

"नाही नाही," मैत्रीण म्हणाली. "ती नाही प्यायली."

मावशीने सुस्कारा सोडला. "एक तर वाचली."

त्या बाईने मला पिताना पाहिलं होतं. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. परत येऊन खळग्याशी बसली आणि वाटीने उरलेलं पाणी कळशीत भरू लागली.

घरी गेल्यावर मैत्रिणीला दारातच थांबवलं. खरं तर अंघोळ घालायची, पण अंघोळीला पाणी कुठलं? मावशीची जाऊ म्हणाली, "बाटली ती, आन् पानी सांडायचं आपलं?" शेवटी गोमूत्र शिंपडलं आणि दिवसभर पडवीत बसायची शिक्षा झाली. मैत्रिणीने ती हसत हसत घेतली. "मला ताट इकडेच पाठवा हं, मी अस्पृश्य आहे," असं ती ओरडून म्हणाली आणि घरात सगळे हसले.

मी आत होते. मावशीने मला चुलीशेजारी पाट दिला. तिच्या बोलण्यात आता माया होती. तिची भाची बाटली होती, पण भाचीबरोबर आलेल्या परक्या पोरीला तिने धक्का लागू दिला नव्हता. "तू वाड गं पानी सगळ्यास्नी," ती म्हणाली, "माझं हात पिठाचं हाईत." मी तांब्याच्या हंड्यातून पाणी घेतलं आणि त्या घरातल्या प्रत्येकाच्या पेल्यात ओतलं. एक थेंबही सांडू दिला नाही. मावशी म्हणाली, "किती जपून वाडती बघा. न्हाई तर आमच्या पोरी."

दुपारी मी पडवीत जाऊन मैत्रिणीजवळ बसले. ती हातपंख्याने वारा घेत होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. मावशी जुन्या वळणाची आहे."

मनावर मी का घ्यावं? ते मी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

"तुमच्या घरी आले होते ना मी? भिंतीवरचे फोटो पाहिले की मी तेव्हाच. कधी कुणाला बोलले का?" तिने माझा हात हातात घेतला. "माझ्यासाठी तू तूच आहेस. फक्त इथे कुणाला कळू देऊ नको हं. मावशीला सहन नाही व्हायचं."

दोन वर्षं मी हेच मागत होते, तिला माहीत असावं आणि तिला काही वाटू नये. ते मला मिळालं होतं. तिने ते एखाद्याचा आजार लपवावा तसं सांभाळलं होतं, चांगल्या मनाने. आणि नदीवर ते पाणी ओतून टाकताना तिला मी शेजारी उभी आहे हे आठवलंही नव्हतं. मी हात काढून घेतला नाही. तिचा हात गरम होता, तसाच राहू दिला.

संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. मावशीने माझ्या हातावर खारकेचे दोन तुकडे घातले. बसमध्ये मैत्रीण झोपली. पुढच्या वर्षी, पाणी असताना यायचं, असं झोपण्याआधी म्हणाली. मी मान हलवली.

घरी आले तेव्हा बाबा कोचावर बसले होते, ताजी दाढी केलेले. आई रेशनची तांबडी ज्वारी निवडत होती. बाबांनी लेण्यांबद्दल एकच प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "राहायला घरातच होतात ना?"

मी मान हलवली.

"आणि जेवायला कुठे बसवलं?"

मी आमच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"आत? चुलीपाशी?" ते उठून उभे राहिले. हळूहळू, एकेक करून त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. पाट दिला. पाणी वाढायला सांगितलं. हंड्यातून. ते आईकडे वळले. "ऐकलंस? हंड्याला हात लावू दिला हिला. मी सांगत नव्हतो?" त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आईने ज्वारीतला खडा काढून बाजूला ठेवला. वर न बघता तिने विचारलं, "त्यांना ठावं होतं का, आपण कोण ते?"

बाबा थांबले. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "त्यांना माहीत होतं."